शेवटचा गाळा बंद करण्याआधी

आमच्या कामात कुंपणाच्या सिमेंटच्या प्लेटा तुटतात. एखादी टेम्पोतून उतरवताना तुटते, एखादी बसवताना कोपरा सोडते. ते तुकडे कोणी नेत नाही, फेकायला जागा नाही, मग ते आमच्या भांडुपच्या यार्डात कोपऱ्यात पडून राहतात. वर गवत येतं, मांजर पिल्लं घालते, पण ढीग काही कमी होत नाही. आमच्या किश्शांचं तसंच झालंय. प्रत्येक साइटवरून एक तरी तुकडा घरी येतोच!

मी ते सांगत बसत नाही, मला कामं आहेत. पण हल्ली कोणीही भेटलं की विचारतं, "शालनताई, ते मुलुंडचं खरं का हो?" म्हणून म्हटलं, एकदाच लिहून टाकते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे आधीच सांगते, नंतर कोणी मला शहाणपणा शिकवायचा नाही!

काम तसं साधं आहे. सिमेंटचे खांब, त्यांना दोन्ही अंगाला उभी खाच. खड्डा खणायचा, खांब ओळंब्यात सरळ उभा करायचा, बुडाशी सिमेंटचा माल भरायचा. माल धरला की दोन खांबांच्या मध्ये वरून प्लेट सोडायची. ती खाचेतून घसरत खाली बसते, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. दोन खांबांमधल्या जागेला आम्ही गाळा म्हणतो. बंगल्याची बाग असो, सोसायटीचं गार्डन असो की रिकामा प्लॉट, आम्ही गाळ्यामागून गाळा भरत कुंपण घालतो.

पूर्वी गँग माझे मिस्टर चालवायचे. त्यांची पाठ गेली, आता ते यार्डात बसून प्लेटा ओतून घेतात. साइट मी बघते. माझ्याबरोबर तिघं. जालन्याकडची कांता, तिची जीभ माझ्यासारखीच. मारुती, त्याला जीभ आहे की नाही याची मलाही कधीकधी शंका येते. आणि माझा दीर, बाळा. खांब अर्धं बोट कलला तरी बाळाला रस्त्यापलीकडून दिसतं. तो आहे म्हणून गँग आहे. तो गेला तर आम्ही तिघं खड्डे खणत बसणार, दुसरं काय!

आणि बाळाचं कायम एकच तुणतुणं. "वहिनी, मी हे काम सोडतो."

का, ते ऐका.

*

चेंबूरला एक प्लॉट होता. भाऊ-भाऊ कोर्टात भांडत होते, आणि मध्ये कोणी झोपडं टाकू नये म्हणून प्लॉट चारही बाजूंनी बंद करून हवा होता. गेट नाही, फट नाही, काही नाही.

आम्ही तिघं बाहेरून प्लेटा चढवत होतो. बाळा आतून हात देऊन बसवून घेत होता. काम असं जोरात चाललं होतं की विचारू नका. शेवटचा गाळा भरला, वरची प्लेट बसली, आणि आतून बाळाचा आवाज आला, "झकास!"

आम्ही हात झटकले.

मग पुन्हा आवाज, "वहिनी... मी बाहेर कसा येऊ?"

कांता हसून हसून मातीत बसली! स्वतःच्याच माणसाला चिणणारी गँग अख्ख्या मुंबईत आमचीच! शिडी टेम्पोत आणि टेम्पो दुसऱ्या साइटची खेप टाकायला गेलेला. बाळा आतून शिव्या घालतोय, आम्ही बाहेरून. आणि एकदम तो गप्प झाला. मी हाका मारल्या, उत्तर नाही. म्हटलं रुसला.

शिडी आली, तो वरून खाली उतरला, तर तोंड पांढरंफटक.

"काय रे मेल्या, घाबरलास?"

"वहिनी, मी ओरडत होतो ना, तेव्हा माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, 'हळू बोल.'"

"आत माणूस होता?"

"आत पावलाएवढं गवत होतं, वहिनी. माणूस लपेल कुठे?"

तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, सोडतो. आणि तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. शेवटच्या गाळ्याची पहिली प्लेट खाचेच्या तोंडाशी धरली की बाळा आमची सगळ्यांची नावं घेतो. ज्याने त्याने बाहेरून ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली की मगच प्लेट सोडायची. एकाची जरी राहिली तरी प्लेट सुटत नाही, मग मालक नाचो की बोंबलो.

*

घाटकोपरचा किस्सा भुताचा नाही, सेक्रेटरींचा आहे. तेही तसे कमी नसतात.

दोन सोसायट्यांच्या गार्डनच्या मध्ये कुंपण होतं. प्लेटेला एक बाजू डिझाइनची असते, दगडासारखी दिसणारी. दुसरी बाजू सपाट. दोन्ही सेक्रेटरींना डिझाइन आपल्याकडे हवं! एक म्हणे आम्ही जास्त मेंटेनन्स घेतो. दुसरा म्हणे आमच्याकडे सीनियर सिटिझन्स फिरतात, त्यांना सपाट भिंत बघून डिप्रेशन येईल. सकाळची दुपार झाली. माल घमेल्यात आवळायला लागला.

मी फावडं आपटलं. "आता दोघंही ऐका! डिझाइन मी वर आकाशाकडे करते. कावळ्यांनी बघावं. ते कम्प्लेंट करत नाहीत!"

एक गाळा याच्याकडे, एक गाळा त्याच्याकडे, असं करून मोकळी झाले. आता दोन्ही सोसायट्या सगळ्यांना सांगतात, आयडिया आमची होती म्हणून!

*

पार्ल्याला एका काकांचा जुना बंगला. बागेभोवती मेंदीचं कुंपण होतं ते वाळलं, म्हणून आम्हाला बोलावलं. काका एकटे. व्हरांड्यात बसून बघायचे, बोलायचे कमी.

आम्ही मेंदी उपटली, बागेतला एक मोडका बाक आडवा येत होता तो उचलून मागे टाकला, खांब उभे केले. संध्याकाळी बाळाने सगळे ओळंब्यात तपासले. सकाळी आलो तर मधला एक खांब बाहेर कललेला, रस्त्याच्या अंगाला.

बाळाला स्वतःचाच राग आला. खांब सरळ केला, टेके दिले, माल पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खांब, तसाच बाहेर! टेके जागच्या जागी, आणि खांब कललेला. बाजूचे खांब काटकोनात. खड्डा पुन्हा खणला, खाली पाइप नाही, बीळ नाही, काही नाही.

कांता काकांजवळ गेली. "काका, ह्या जागी आधी काय होतं हो?"

काका म्हणाले, "बाक होता. तुम्हीच काढलात ना. आमची ही तिथे बसायची, मेंदीला पाठ टेकून."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मारुती गेला, मागून बाक उचलून घेऊन आला, खांबाच्या पुढ्यात ठेवला. बाळाने खांब सरळ केला. आणि तो राहिला सरळ! अजून आहे.

काम संपलं त्या दिवशी काकांनी ट्रेमधून चहा आणला. आम्ही आमचे कप घेतले, तर एक कप जास्त. मारुतीने आपला संपवून दुसऱ्याला हात घातला.

"तो तुमचा नाही हो," काका म्हणाले. अगदी हळू.

तर मारुती, जो माझ्याशीसुद्धा धड बोलत नाही, तो हात मागे घेऊन बाकाकडे बघून म्हणाला, "सॉरी, काकू!"

*

बोरिवलीला जंगलाला लागून एक सोसायटी. मागच्या गार्डनला बिबट्या येतो म्हणून कुंपण हवं होतं. बिबट्या येतो यात नवल काही नाही, तिथल्या लोकांच्या मोबाइलमध्ये नातवंडांपेक्षा बिबट्याचे फोटो जास्त!

खांब उभे करून माल भरला, सकाळी आलो तर प्रत्येक खांबाच्या बुडाशी ओल्या मालात एक पंजा. एका खांबाला एकच. एकही खांब चुकवलेला नाही. मधल्या मातीत मात्र काही नाही.

कांता म्हणाली, "मुकादम दिसतोय. काम तपासून गेला!"

आम्ही हसलो. बाळा नाही हसला. एकच खांब उरला होता, तो आम्ही दुपारी उभा केला, माल भरला आणि तिथेच सावलीला बसून डबा उघडला. खांब आमच्या समोर. चौघांचीही तोंडं तिकडेच. भाकरी खाल्ली, पाणी प्यालो, उठलो.

मारुतीने बोटाने दाखवलं.

शेवटच्या खांबाच्या बुडाशी, ताज्या मालात, पंजा.

*

आता वर्सोव्याचं. त्यावर बाळा अजून बोलत नाही.

खाडीच्या बाजूला एका पैसेवाल्याने जागा घेतली होती. त्याला हिरवंगार लॉन हवं होतं आणि भोवती कुंपण. शेजारी एक कोळीण मावशी बोंबील वाळत घालायची. वयाने माझ्याहून मोठी आणि आवाजानेही. खाडीकडचा गाळा आला तशी ती उठून आली.

"तेवढा उघडा ठेव गं बाय. वाट आहे ती."

"कोणाची वाट?"

"येणाऱ्यांची."

"मग येणाऱ्यांना सांगा, वळसा घालून या!"

मावशी हसली. तिच्या हसण्याने मला राग आला. मी उभी राहून गाळा भरून घेतला, वरपर्यंत.

सकाळी तो गाळा उघडा. सगळ्या प्लेटा काढून वाळूत एकावर एक रचून ठेवलेल्या. एकीचाही कोपरा गेलेला नाही. आमची एक प्लेट उचलायला दोन गडी लागतात. वाळूत पाऊल नाही, ओढल्याची रेघ नाही, आणि प्लेटा खाऱ्या पाण्याने ओल्या.

मी म्हटलं, कोळीवाड्यातल्या पोरांचा उद्योग. बाळा मात्र त्या ढिगापाशी उकिडवा बसला होता.

"वहिनी, इकडे बघ. मातीत पुरलेली, सगळ्यात खालची प्लेट कुठली होती?"

तिच्या कडेला मातीचा पट्टा होता, लगेच ओळखू आली. ती ढिगात सगळ्यात खाली होती. म्हणजे ती आधी काढली. मग तिच्यावरची, मग तिच्यावरची.

खाचेत बसलेल्या प्लेटा वरूनच निघतात हो. वरच्या काढल्याशिवाय खालची हलत नाही. ज्याने कोणी काढल्या त्याने खालून सुरुवात केली होती.

मावशी बोंबील पालटत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगितलं होतं ना बाय तुला?"

तो गाळा मी उघडा ठेवला. मालकाला सांगितलं, हल्ली सी-व्ह्यूची फॅशन आहे. तो खूश!

पण बाळा घरी जाताना म्हणाला, "वहिनी, बस आता. ठाण्याला मॉलमध्ये लिफ्टवर माणूस हवाय. मुलुंडचं काम करतो आणि सोडतो."

"लिफ्टवर? बंद डब्यात दिवसभर बसणार तू?"

"त्याचं दार उघडतं," बाळा म्हणाला.

या वेळी तो भांडून बोलला नव्हता. शांतपणे बोलला होता. मला त्याचंच टेन्शन आलं. मिस्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "गप रव. जाता तर जाऊ दे." त्यांना म्हणायला काय जातंय! यार्डात ओतलेल्या प्लेटा उभ्या कोण करणार होतं? कांताचं घर, मारुतीचं घर, माझं घर, सगळं त्या एका डोळ्यावर उभं होतं.

*

तर मुलुंड.

डोंगराच्या बाजूला एका बंद पडलेल्या कंपनीची कॉलनी होती. इमारती पाडल्या होत्या, मधली बाग राहिली होती. गंजलेली घसरगुंडी, एक झोपाळा, कमरेएवढं गवत. नवीन मालकाला ती सगळीकडून बंद हवी होती. गेट नंतर बघू म्हणाला.

मी ठरवलं होतं, या साइटवर काही होऊ द्यायचं नाही. बाळाला आत पाठवायचं नाही, सगळं बाहेरून करायचं. आणि झालंही तसंच. दिवसामागून दिवस नीट गेले. बाळा शिट्टीसुद्धा वाजवायला लागला. मला वाटलं, राहील हा.

शेवटच्या दिवशी एकच गाळा उरला. भर दुपार, लख्ख ऊन. बाळाला आठवलं, जादाचा ओळंबा आत राहिला. खुणा घालताना सुरुवातीला झोपाळ्याच्या दांड्याला अडकवला होता.

"तू थांब, मी आणते," मी म्हटलं.

उघड्या गाळ्यातून आत गेले. आत गेल्यावर बाहेरचा रस्ता ऐकू येईना, तेवढं एक जाणवलं. झोपाळ्यापाशी ओळंबा लटकत होता. तिरका. ओळंबा तिरका लटकत नाही, दोरीला वजन असतं, ते सरळ खालीच जातं. हा बाजूला ओढल्यासारखा तिरका, आणि हलत नव्हता. वारा असेल म्हटलं. वारा नव्हता. काढला, घेतला, बाहेर आले. ओळंबा कांताच्या हातात दिला आणि बाटली तोंडाला लावली.

बाळा आणि मारुती दोन खांबांना लावलेल्या उंच लाकडी घोड्यांवर चढले होते. पहिली प्लेट वर, खाचेच्या तोंडाशी धरलेली. दोघांची नजर प्लेटेवर. खाली गाळा उघडा, पलीकडे गवत.

बाळाने नावं घेतली.

"कांताताई!"

"ओ!"

"मारुती!"

"ओ."

"वहिनी!"

माझ्या तोंडात पाणी होतं.

"ओ!" आतून आवाज आला.

माझा आवाज. घोगरा, जरा वैतागलेला. मी जशी देते तशी ओ.

बाळाने वर बघूनच म्हटलं, "वहिनी, बाहेर ये ना लवकर, हात भरून आले."

"आले आले, धीर धर जरा!" गवतातून.

मी पाणी गिळलं. "बाळा. मी इथे आहे."

बाळाने खाली बघितलं. माझ्याकडे. मग गाळ्यातून आत. मग पुन्हा माझ्याकडे. वर प्लेट थरथरायला लागली.

"कांताताई," तो म्हणाला, "आत कोण गेलं होतं?"

"शालन."

"आणि बाहेर कोण आलं?"

कांताने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्याबरोबर एका डब्यात जेवणारी बाई ती. एक पाऊल मागे सरकली!

मग माझं टाळकंच सटकलं. "मेल्यांनो, वेड लागलं काय तुम्हाला? सकाळी डबा कोणी केला? सुक्या जवळ्याची चटणी कोणी केली? आणि बाळा, दोनदा मागून कोणी खाल्ली रे?"

बाळाचे खांदे खाली आले. तो हसायलाच लागला होता.

"तीनदा," आतून आवाज आला.

मी पदर खोचला. म्हटलं, जाते आणि जी कोण आहे तिला झिंज्या धरून बाहेर आणते.

"नको!" बाळा वरून ओरडला. "वहिनी, तू आत जाऊ नकोस! मग बाहेर येईल ती कोण, हे आम्हाला कसं कळणार?"

सेक्रेटरी असो, पोलीस असो, मी कोणाचं ऐकलेलं नाही. तिथे बाळाचं ऐकलं. खोचलेला पदर सोडला.

"सोड प्लेट," मी म्हटलं.

बाळा सोडेना. माझ्याकडेच बघत राहिला. शेवटी मारुतीने आपलं टोक सोडलं, मग बाळाला सोडावंच लागलं. प्लेट खाली बसली. तिच्यावर दुसरी, तिसरी, वरपर्यंत. इतक्या झटपट आम्ही गाळा कधीच भरला नाही. आतून पुन्हा आवाज आला नाही.

टेम्पोत मी बाळाशेजारी बसले. भांडुप आलं. मग मीच विचारलं, "किती वेळा खाल्लीस रे चटणी?"

तो बाहेर बघत म्हणाला, "तीनदा. तू बाटली भरायला गेली होतीस ना, तेव्हा एकदा."

*

मला वाटलं, गेला बाळा. पुढची साइट अंधेरीची, एका बंगल्याची बाग. मी मनातल्या मनात दुसरा गडी शोधत पोचले, तर बाळा माझ्याआधी हजर. दोरी बांधून खुणा घालत होता.

"काय रे, लिफ्टचं काय झालं?"

"मी गेलो तर नावं कोण घेणार?" तो म्हणाला, आणि दोरी ताणायला लागला.

काम नेहमीसारखं झालं. शेवटच्या गाळ्यापाशी आलो. प्लेट वर धरली.

"कांताताई!"

"ओ!"

"मारुती!"

"ओ."

"वहिनी!"

"ओ!" मी खणखणीत दिली.

प्लेट सुटली नाही. बाळाने मान कुंपणाच्या आतल्या बाजूला वळवली.

"वहिनी!"

मी तोंड उघडलं तर कांताने माझा हात घट्ट दाबला.

आता प्रत्येक साइटवर असंच. माझं नाव दोनदा. पहिल्याला मी ओ देते. दुसऱ्याला मी गप्प राहते. बाळा जरा थांबतो, मान हलवतो आणि प्लेट सोडतो.